टोगोची बाजरी, चाकणची भाकरी

बाजरी हे मूळचे आफ्रिकेचे पीक आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर, आजच्या माली देशातील तिलेम्सी खोऱ्यात, उत्खननात सापडलेल्या खापरांच्या मातीत लागवडीच्या बाजरीचे अवशेष मिळाले आणि त्यांचा काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा ठरला. तेथून काही शतकांतच हे धान्य भारतात पोहोचले. दख्खनच्या हलक्या, उथळ जमिनीत ते असे रुजले की भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी हे आपलेच अन्न ठरले. ज्या धान्याला महाराष्ट्र घरचे मानतो, त्याचे माहेर आफ्रिकेत आहे. ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही. गेल्या ४० वर्षांत महाराष्ट्राच्या बाजरीत जी सर्वांत मोलाची भर पडली, तीही पश्चिम आफ्रिकेतल्या एका गावरान वाणामुळेच पडली.

बाजरी हे अल्पभूधारकाचे पीक. साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस, मुरमाड रान, खताची तोकडी मात्रा आणि ७५ ते ९० दिवसांची मुदत एवढ्यावर ती दाणाही देते आणि सरमाडही. नायजर, माली, बुर्किना फासो, सेनेगल या साहेल पट्ट्यातील देशांत आणि नायजेरियाच्या उत्तर भागात लाखो कुटुंबांचे पोट तिच्यावर आहे. नायजरमध्ये तिच्या पिठाचे गोळे दुधात किंवा ताकात कालवून ‘फुरा’ करतात, नामिबियात तिला ‘महांगू’ म्हणतात आणि तिची घट्ट लापशी खातात. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर या तालुक्यांच्या पूर्वेकडच्या जिरायत पट्ट्यात हेच धान्य खरिपाचा आधार राहिले. चाकण, म्हाळुंगे, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी या गावांच्या ज्या शिवारांवर आज वाहनांचे कारखाने उभे आहेत, तो भागही याच कमी पावसाच्या पट्ट्याला लागून आहे.

या भागात आता उपासमार दिसत नाही, पण एक भूक आहे आणि ती पोट भरल्यावरही राहते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्ताल्पता आढळली. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. औद्योगिकदृष्ट्या आघाडीच्या राज्याचे हे आकडे आहेत. रक्ताल्पतेची कारणे अनेक असतात. जंत, वारंवार होणारे आजार, लागोपाठची बाळंतपणे आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यांपैकी काही. तरी आहारातून मिळणारे लोह कमी पडणे हे त्यातले मोठे कारण. रेशनचा पॉलिश केलेला तांदूळ घरात आला आणि बाजरी मागे पडली, तेव्हा ताट पांढरे झाले आणि त्यातले लोहही कमी झाले. अशा तांदळात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमदेखील लोह नसते. साध्या बाजरीतही त्याच्या कितीतरी पट असते.

आता त्या आफ्रिकी वाणाकडे वळू. टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तर भागात आणि शेजारच्या घाना, बेनिन, बुर्किना फासो या देशांत ‘इनियाडी’ नावाची गावरान बाजरी पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते. ती लवकर येते. तिचे कणीस जाड आणि गच्च भरलेले असते आणि दाणा टपोरा, राखाडी-करडा असतो. भारतीय देशी बाजरीचा बारीक दाणा ज्याने हातात घेऊन पाहिला आहे, त्याला इनियाडीचा दाणा पाहताक्षणी वेगळा वाटेल. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत टोगोहून आलेल्या अशा बियाण्याची लागवड झाली. त्यातून चांगली झाडे निवडत निवडत पैदासकारांनी ‘आयसीटीपी ८२०३’ हे वाण तयार केले. १९८८ साली ते महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाले. नगर, बीड, औरंगाबाद, नाशिक या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी ते उचलून धरले, कारण दाणा ठसठशीत होता आणि परतीचा पाऊस चुकला तरी पीक तोवर हाती आलेले असे. दुसरे कारण बियाण्याचे. हे संकरित नव्हे, सुधारित वाण होते. शेजारच्या रानातल्या बाजरीपासून अंतर राखले आणि चांगली कणसे निवडून ठेवली, तर घरचे बी पुन्हा पेरता येत होते.

त्याआधीच्या दोन दशकांचा अनुभव पाहिला की या गुणाचे मोल कळते. १९६५ साली लुधियाना येथे बाजरीचा पहिला संकरित वाण एचबी १ तयार झाला. त्याची मादी ओळ अमेरिकेतील टिफ्टन येथून आलेली होती. उत्पादन झपाट्याने वाढले आणि १९७०-७१ साली देशाचे बाजरीचे पीक ८० लाख टनांच्या घरात गेले. पण एकाच मादी ओळीवर सारे संकर उभे होते. केवडा रोग आला, ज्याला मराठी शेतकरी कणसाच्या जागी उगवणाऱ्या पानांच्या जटेसारख्या झुपक्यावरून ‘गोसावी’ म्हणतो, आणि पिके बसली. सत्तरच्या दशकात असे एकापाठोपाठ एक संकर बाद होत गेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’सारखे रोगाला दाद न देणारे संकर दिले, तेव्हा शेतकऱ्यांचा संकरावरचा विश्वास परतला. १९८८ नंतर टोगोच्या वंशाचे सुधारित वाण मात्र शेतात टिकून राहिले.

त्या दाण्यात लोहही भरपूर आहे, हे मात्र बऱ्याच वर्षांनी लक्षात आले. पिकाच्या पैदाशीतूनच पोषण वाढवायचे, म्हणजे जैवसंपृक्त वाण तयार करायचे, हा विचार एकविसाव्या शतकाच्या आरंभी हार्वेस्टप्लस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने पुढे नेला. गोळी किंवा मिठासारखे बाहेरून मिसळलेले पोषण दर महिन्याला नव्याने पोहोचवावे लागते. बियाण्यातले पोषण एकदा पेरले की दर हंगामाला आपोआप उगवते. बाजरीच्या जगभरच्या वाणांचे दाणे तपासले गेले, तेव्हा लोहाने समृद्ध असलेल्या बहुतेक वाणांचे मूळ इनियाडीपर्यंत जात असल्याचे दिसले. मग इक्रिसॅटमध्ये के. एन. राय यांच्या नेतृत्वाखालील गटाने आयसीटीपी ८२०३ मधलीच जास्त लोहाची झाडे निवडली, त्यांची संतती आपसात मिसळली आणि नवे वाण घडवले. नाव ठेवले ‘धनशक्ती’. २०१२ साली पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने ते महाराष्ट्रात बाजारात आणले आणि २०१४ साली ते देशपातळीवर अधिसूचित झाले. किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असा त्याचा दाणा आहे. मूळ वाणापेक्षा लोह सुमारे ९ टक्क्यांनी आणि उत्पन्न सुमारे ११ टक्क्यांनी अधिक. उत्पन्न वाढवूनच पोषण वाढवले, ही यातली खरी कमाई. पोषणासाठी शेतकऱ्याने पोते कमी करून घ्यावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही प्रयोगशाळेला नाही.

हे काम दिसते त्यापेक्षा चिवट असते. लोह मातीतही असते, अवजारातही असते. खळ्यावर वाऱ्याने उडालेली धूळ दाण्याला चिकटली किंवा मळणीयंत्राच्या लोखंडाचा कण मिसळला, तरी चाचणीतला आकडा फुगतो. म्हणून चाचणीची कणसे मातीला न टेकवता काढायची, कापडी पिशवीत ठेवायची, स्वच्छ हाताने मळायची, अशी शिस्त पाळावी लागते. पूर्वी प्रत्येक नमुना आम्लात विरघळवून तपासत. पुढे क्ष-किरणांवर चालणारे यंत्र आले आणि अख्खा दाणा न मोडता शेकडो नमुने थोड्या वेळात पाहता येऊ लागले. आणखी एक अडचण संकरातली. उत्पन्नाच्या बाबतीत संकर आईबापांपेक्षा सरस निघतो, पण लोहाच्या बाबतीत तसे होत नाही. जास्त लोहाचा संकर हवा असेल तर आई आणि बाप दोन्ही ओळी जास्त लोहाच्या लागतात. म्हणून जुन्या लोकप्रिय संकरांत लोह आणण्यासाठी त्यांच्या दोन्ही बाजूंवर वर्षानुवर्षे काम करावे लागले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एएचबी १२०० एफई (२०१७) आणि एएचबी १२६९ एफई (२०१८) आणि राहुरी विद्यापीठाच्या धुळे केंद्राचा ‘फुले महाशक्ती’ (२०१८) हे त्या कामाचे फळ आहे. यांत किलोमागे लोह अनुक्रमे ७३, ९१ आणि ८७ मिलिग्रॅम आहे.

दाण्यात लोह असणे आणि ते रक्तात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजरीत फायटिक आम्ल असते आणि ते लोहाला धरून ठेवते. वाढवलेले लोह शौचावाटेच जाणार, अशी शंका सुरुवातीला घेतली गेली, आणि ती घेणेच योग्य होते. तिचे पहिले मोठे उत्तर टोगोच्या शेजारून, बेनिनमधून आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २० स्त्रियांना काही दिवस साध्या बाजरीचे आणि काही दिवस लोहसमृद्ध बाजरीचे जेवण दिले गेले. खाल्लेल्या लोहापैकी शोषले जाणारे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखेच, साडेसात टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे दाण्यात लोह जास्त असेल तर शरीरात जाणारेही जास्त. रोजचे शोषलेले लोह सुमारे अर्ध्या मिलिग्रॅमवरून एक मिलिग्रॅमच्या वर गेले. त्याच वर्षी कर्नाटकात दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही लोह आणि जस्त दोन्हींचे शोषण वाढलेले दिसले.

यानंतरचा प्रयोग महाराष्ट्रातला, आणि या विषयात तो सर्वांत महत्त्वाचा. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने रोज दोन्ही वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी दिली गेली. निम्म्यांना लोहसमृद्ध बाजरीची, किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोहाची, आणि निम्म्यांना बाजारातल्या साध्या संकराची, २१ ते ५२ मिलिग्रॅमची. कोणाच्या ताटात कोणती भाकरी आहे, हे दिसून कळणे शक्य नव्हते. चौथ्या महिन्यातच लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांचा शरीरातला लोहसाठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा ६४ टक्क्यांनी अधिक निघाली. यातल्या काही मुलांची नंतर लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांतून तपासणी झाली, आणि तेथेही लोहसमृद्ध गट सरस ठरला. औषध नाही, पावडर नाही, कोणी कोणाला काही वेगळे गिळायला सांगितले नाही. आई रोज करते तीच भाकरी, फक्त पीठ वेगळे.

सगळे निकाल असे सरळ आले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना नऊ महिने लोह-जस्ताच्या बाजरीचा पूरक आहार देऊन झालेल्या अभ्यासात, एकंदर गटाचा विचार केला तर, लोह, जस्त आणि वाढ यांत लक्षणीय फरक दिसला नाही. इतक्या लहान बाळाच्या पोटात एका वेळी मावते ते वाटीभर अन्न, आणि दाटीवाटीच्या वस्तीत जुलाब-ताप पाठ सोडत नाहीत. अशा ठिकाणी एकट्या धान्यावर सारा भार टाकता येत नाही. जैवसंपृक्त बाजरीचा खरा उपयोग दिसतो तो तिच्या दोन-तीन भाकरी रोज खाणाऱ्या वयात, म्हणजे वयात येणाऱ्या मुलींत, तरुण स्त्रियांत आणि कष्टकऱ्यांत. रुआंडात विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणींना १२८ दिवस लोहसमृद्ध घेवडा देऊन झालेल्या प्रयोगातही त्यांच्या लोहस्थितीत सुधारणा दिसली होती. आफ्रिकेतला आणि नगरचा अनुभव इथे जुळतो.

एक साधा हिशेब मांडता येतो. दोन मध्यम भाकरींना मिळून साधारण दोनशे ग्रॅम पीठ लागते. ४५ मिलिग्रॅमच्या साध्या बाजरीतून त्यात ९ मिलिग्रॅम लोह मिळते, तर धनशक्तीतून १४. बेनिनच्या दराने शोषण धरले तर पहिल्यातून सुमारे ०.७ आणि दुसऱ्यातून १ मिलिग्रॅमच्या थोडे वर शरीरात जाते. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीराला रोज सुमारे दीड मिलिग्रॅम लोह आतून लागते. म्हणजे भाकरी एकटी पुरत नाही, पण खड्डा बराच भरते. बरोबर काय खाल्ले यावर उरलेले अवलंबून असते. लिंबाची फोड, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्ची कोबी किंवा टोमॅटो यांतले क जीवनसत्त्व फायटिक आम्लाची पकड सैल करते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा उलट काम करतो. भाकरी-ठेचा-लिंबू हे शेतातल्या न्याहारीचे ताट पोषणशास्त्राच्या चाचणीत उत्तम उतरते. कारखान्याच्या दारातला चहा-पाव त्यात बसत नाही.

असे असूनही ही बाजरी बाजारात ओळखता येत नाही. धनशक्तीच्या दाण्याचा रंग साध्या बाजरीसारखाच राखाडी. या एका गोष्टीने तिची वाटचाल अडवली आहे. आफ्रिकेतल्या रताळ्याची कहाणी वेगळी झाली, कारण त्याचा गुण डोळ्यांना दिसत होता. मोझांबिक आणि युगांडात पांढऱ्या रताळ्याच्या जागी अ जीवनसत्त्वाचे केशरी रताळे आले. रंग हीच त्याची जाहिरात ठरली, गाड्या आणि फलकही केशरी रंगवले गेले. त्या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जान लो यांना, आणि जैवसंपृक्ततेच्या एकंदर कल्पनेसाठी हॉवर्थ बुईस यांना २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. बाजरीचे लोह मात्र दिसत नाही. शिरूरच्या शेतकऱ्याने धनशक्ती पेरली, पोती चाकणच्या महात्मा फुले बाजारात आणली, तर आडतीवर ती साधी बाजरी म्हणूनच विकली जाते. जास्त लोहाला जास्त दर नाही. पोत्यावर ओळख नाही, आणि दुसऱ्या बाजरीत मिसळली गेली की मागे फिरणे नाही.

यावर दोन रस्ते आहेत. पहिला भारताने २०१८ साली घेतला आणि तो धाडसाचा होता. यापुढे प्रसारित होणाऱ्या बाजरीच्या प्रत्येक वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा निकष बाजरीच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाने ठरवला. म्हणजे पोषण हा वाणाचा खास गुण न राहता किमान अट झाली. शेतकऱ्याला वेगळे विकावे लागत नाही, ग्राहकाला वेगळे मागावे लागत नाही. पण ४२ ही पायरी खालची आहे. ७० ते ९० ची बाजरी खाणाऱ्यापर्यंत न्यायची असेल तर दुसरा रस्ता लागतो. ठरावीक वाण, ठरावीक शेतकरी आणि ठरावीक खरेदीदार यांची सरळ साखळी जोडणे, हा तो रस्ता.

इथे पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा विचारात येतो. १९६० च्या दशकापासून पिंपरी, आकुर्डी, भोसरीत आणि नंतर चाकणमध्ये कारखाने आले. त्यांच्या मागोमाग बीड, लातूर, उस्मानाबाद, परभणी, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतून माणसे आली. ही बहुतेक बाजरी-ज्वारी खाणारी माणसे. इथे येऊन त्यांची भाकरी सुटली. आवड बदलली म्हणून नव्हे. एका खोलीत चार जण, दोन पाळ्यांत काम, आणि भाकरीला वेळ लागतो. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. गरम पाण्यात थोडे थोडे पीठ मळायचे, तळहाताने परातीवर थापायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, मग पलटायची, मग निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर फुगवायची. प्रत्येक भाकरी वेगळी. कणकेचा गोळा मळून ठेवला आणि सकाळी दहा पोळ्या लाटल्या, असे होत नाही.

दुसरे कारण पिठाचे. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि तो मुख्यतः दाण्याच्या अंकुरात साठलेला असतो. दळताच दाण्यातले लायपेज नावाचे विकर त्या तेलावर तुटून पडते, आणि आठवड्याभरात पीठ कडू लागते, कुबट वास येतो. म्हणून गावाकडे बाजरी आठवड्याला लागेल तेवढीच दळतात. गिरणीत बाजरीचा डबा वेगळा ठेवतात आणि गव्हावर बाजरी ओढू नका असे सांगतात. शहरात किराणा दुकानात गव्हाचे पाच किलोचे पाकीट महिनाभर चालते, बाजरीचे चालत नाही. कारखान्यातल्या मोठ्या उपाहारगृहाला तर ते परवडतच नाही. यावरचे उपाय संशोधनात आहेत. दाणे उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढून वाळवले की विकर मरते आणि पीठ कितीतरी अधिक काळ टिकते. ज्या बाजरीत लायपेजच कमी असेल अशा ओळींचा शोधही चालू आहे, आणि त्यासाठी जबाबदार जनुके ओळखली गेली आहेत. हा उपाय सरस आहे, कारण तो बियाण्यात बसतो. पण तो दुकानात येईपर्यंत दाणे उकळून वाळवण्याचे काम एखाद्या बचत गटाच्या गिरणीतही सहज होण्यासारखे आहे.

पुण्याच्या परिसरात पोषण आणि शेती यांवर संशोधन करणाऱ्या संस्थांची कमतरता नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हाचे ‘एमएसीएस ४०२८’ हे जैवसंपृक्त वाण दिले. त्यात प्रथिने १४.७ टक्के, लोह किलोमागे ४६.१ आणि जस्त ४०.३ मिलिग्रॅम आहे, आणि ते जिरायतीत १०२ दिवसांत येते. चाकणच्या पुढे, नाशिक रस्त्यावर राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या ‘भीमा’ मालिकेतल्या वाणांनी खरीप कांद्याचे चित्र बदलले. कांद्याला आणि गव्हाला इतके जवळचे घर मिळाले. बाजरीसाठी मात्र धुळे, राहुरी आणि छत्रपती संभाजीनगरकडे पाहावे लागते. दरम्यान तीन दशकांत महाराष्ट्रातले बाजरीचे क्षेत्र निम्म्याहूनही कमी झाले. सोयाबीन, मका आणि ऊस यांनी तिची जागा घेतली, कारण त्यांना हमखास गिऱ्हाईक आहे. २०२४-२५ साठी बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,६२५ रुपये जाहीर झाला. पण खरेदी केंद्र नसेल तर तो जाहीर झालेला भाव शेतकऱ्याच्या हाती पडत नाही.

आफ्रिकेच्या बाजूने ही देवाणघेवाण चालूच आहे. इक्रिसॅटचे नायजरमधील केंद्र नियामेजवळ सादोरे येथे आहे. २०१८ साली नायजरमध्ये प्रसारित झालेले ‘चाक्ती’ हे आफ्रिकेतले पहिले जैवसंपृक्त बाजरी वाण ठरले. ते लवकर येते आणि साहेलमध्ये पाऊस उशिरा सुरू होऊन लवकर संपतो तेव्हाही हाती लागते. त्याआधी १९९० च्या सुमारास नामिबियात ‘ओकाशाना १’ या लवकर येणाऱ्या वाणाने अशीच मजल मारली होती. तिथल्या शेतकऱ्यांनी ते स्वतः शेतात पाहून निवडले होते. टोगोच्या शेतकऱ्यांनी, त्यांतही बी निवडून माठात आणि कणगीत राखणाऱ्या बायकांनी, इनियाडी टिकवली नसती, तर नगरच्या मुलांच्या ताटात ती भाकरी आलीच नसती. त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा देशाने अशा कामाची किंमत एकदा तरी जाहीरपणे मान्य केली. इक्रिसॅटच्या जनुक पेढीत आज बाजरीचे २० हजारांहून अधिक नमुने आहेत आणि त्यांतला मोठा वाटा आफ्रिकेतला आहे. पिकांच्या जनुकीय संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जो २००४ पासून अमलात आहे, बाजरीचे असे बी देशोदेशींच्या संशोधकांना मिळते. तो मार्ग मोकळा राहणे महाराष्ट्राच्या हिताचे आहे.

उरते ते शेत आणि ताट यांच्यामधले अंतर. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्यही एक रुपया किलोने देण्याची तरतूद केली. बाजरी रेशनवर देण्यास कायद्याची आडकाठी नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले, प्रदर्शने आणि मेळावे झाले. त्या वर्षाने लोकांचे लक्ष वेधले, पण रोजची मागणी निर्माण झाली नाही. रोजची मागणी निर्माण करण्याची ताकद या औद्योगिक पट्ट्यात आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४६ ने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती १०० कामगारांपर्यंत खाली आणली. म्हणजे भोसरीपासून चाकणपर्यंत रोज हजारो ताटे एका छताखाली, एकाच कंत्राटातून भरली जातात. त्यांच्या जोडीला कामगार मुलींची वसतिगृहे आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत, अंगणवाड्या आहेत.

यासाठी नवी योजना लागत नाही. उपाहारगृहाच्या कंत्राटात एक ओळ लागते: आठवड्यातून तीन दिवस बाजरीची भाकरी, आणि ती धनशक्ती, एएचबी किंवा फुले महाशक्ती या वाणांच्या बाजरीची, शिरूर, खेड आणि जुन्नरच्या शेतकरी गटांकडून थेट घेतलेली, गरजेपुरती रोज दळलेली, बरोबर लिंबाची फोड. कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी, कामगार संघटनांनी आणि महापालिकेने ती ओळ लिहून घ्यावी. येत्या खरिपाची पेरणी जूनमध्ये सुरू होते, आणि कोणते वाण पेरायचे हे शेतकऱ्याला त्याआधी, मे महिन्यातच ठरवावे लागते.